सव्वीस नाणी गेली कुठे?

छापा ५१, काटा २३. फेकी मात्र शंभर.

मे महिन्यातली दुपार होती. मुलगी क्लासला गेली होती आणि तिच्या लॅपटॉपवर माझा पहिला चालणारा प्रोग्राम समोर होता, संगणकाकडून नाणं शंभर वेळा फेकून घेणारा. चालणारा म्हणजे लाल अक्षरं न दाखवणारा. ५१ आणि २३ ची बेरीज मी आधी तोंडी केली, मग कागदावर केली. ७४. प्रोग्राम पुन्हा चालवला. ४७ आणि २८, म्हणजे ७५. पुन्हा चालवला. ५३ आणि २४, म्हणजे ७७. दरवेळी साधारण पाव हिस्सा नाणी गायब होत होती आणि पायथॉन, म्हणजे ज्या भाषेत मी प्रोग्राम लिहिला होता ती, एका शब्दानं तक्रार करत नव्हता.

मी कराडजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यंदा एकवीस वर्षं झाली. दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात संभाव्यतेचं प्रकरण आहे. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, नमुना अवकाश, घटना या व्याख्या होतात आणि मग नाणं येतं. एक नाणं फेकलं, निष्पत्ती दोन, छापा मिळण्याची संभाव्यता १/२. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. वर्गात नाणं मात्र कधी शंभर वेळा फेकलं नव्हतं. तासाला पस्तीस मिनिटं, त्यात फेकाफेकीला वेळ कुठून आणायचा?

प्रोग्रामिंगकडे वळायला कारण झालं ते क्रिकेटचं. ९ मार्च २०२५, रविवार. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. रोहित शर्मा टॉस हरला आणि आमच्या घरात टीव्हीपुढं एकच कल्ला झाला. कर्णधार म्हणून तो वनडेत सलग बाराव्यांदा टॉस हरला होता, ब्रायन लाराच्या नावावरच्या विक्रमाशी बरोबरी. आणि टॉसमधली भारताची सलग पंधरावी हार, अहमदाबादच्या वर्ल्ड कप फायनलपासून, म्हणजे १९ नोव्हेंबर २०२३ पासूनची. अण्णा, माझे सासरे, ठामपणे म्हणाले, "आता पुढचा टॉस आपलाच. लिहून ठेव." मी म्हटलं, "अण्णा, त्या नाण्याला काय ठाऊक मागं काय झालंय?" ते म्हणाले, "तू शिकवतेस ना अर्धं-अर्धं? मग पंधरा वेळा एकच कसं?"

मी २ चा पंधरावा घात सांगितला. ३२,७६८. म्हणजे बत्तीस हजारात एकदा. अण्णा म्हणाले, "मग बरोबर नाही हे, काहीतरी गडबड आहे." आणि मला उत्तर सुचलं नाही. आकडा बरोबर होता, अण्णांची शंकाही चुकीची वाटत नव्हती, आणि तरी दोन्ही एकत्र बसत नव्हतं. ते टोचत राहिलं. परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले, सुट्टी लागली, तेव्हा मुलीनं पायथॉन मांडून दिलं आणि तिच्या पहिल्या वर्षाच्या सरावातला एक प्रश्न समोर ठेवला: यादृच्छिक संख्या वापरून नाणं शंभर वेळा फेका, छापे आणि काटे मोजा.

सुरुवातीच्या चुकांबद्दल फार लिहीत नाही, त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. यादृच्छिक संख्या देणारं रँडम हे मोड्यूल, म्हणजे तयार आज्ञांचा संच, आधी इम्पोर्ट करून आत आणावं लागतं हे विसरले, तर नेमएरर, म्हणजे 'हे नाव मला ठाऊक नाही'. अपूर्णविराम विसरले. ओळ आत सरकवायची राहिली. एक गोष्ट मात्र फार आवडली. पायथॉनमध्ये मोजणी ज्या नावाखाली ठेवायची त्या नावाला देवनागरी चालतं. मी 'छापा' आणि 'काटा' अशीच नावं दिली, दोन्हींत शून्य ठेवलं, आणि ते मुकाट्यानं चाललं. स्वतःच्या भाषेतला शब्द प्रोग्रामच्या आत बसलेला पाहून उगाच उभारी आली.

तर ती सव्वीस नाणी. 'रँडइंट शून्य-एक' लिहिलं की शून्य किंवा एक यांतला कुठलाही एक आकडा मिळतो. माझा प्रोग्राम असा होता: शंभर वेळा फिर, रँडइंट शून्य-एक हे शून्य आलं तर छापा एकनं वाढव, नाहीतर, रँडइंट शून्य-एक हे एक आलं तर काटा एकनं वाढव. मी तो दहा वेळा वाचला. मराठीत वाचलं तर निर्दोष होता. शून्य आलं तर हे, एक आलं तर ते, तिसरं काही येऊच शकत नाही.

संध्याकाळी मुलगी आली. तिनं चूक सांगितली नाही, एवढंच म्हणाली, "आई, प्रत्येक फेकीला काय आकडा येतोय तो छापून बघ." आकडा छापायचा तर तो आधी कुठंतरी ठेवायला हवा. म्हणून 'फेक' नावाचं नवीन नाव केलं, रँडइंटनं दिलेला आकडा त्यात ठेवला, तो छापला, आणि खालच्या दोन्ही ओळींत रँडइंटच्या जागी 'फेक' लिहिलं. चालवलं. शून्य-एकची लांबलचक रांग आली आणि तळाशी छापा ४६, काटा ५४. बेरीज शंभर!

चूक शोधायला गेले आणि शोधण्याआधीच ती निघून गेली होती. याचं समाधान वाटायला हवं होतं, पण मला चैन पडेना. का सुटली हे कळल्याशिवाय उदाहरण सुटलं असं मी मुलांनाही म्हणू देत नाही. रात्री भांडी आवरताना उलगडा झाला. रँडइंट हे आलेल्या आकड्याचं नाव नव्हे, ते फेकणं आहे. जिथं जिथं ते लिहिलं, तिथं तिथं नवं नाणं उडतं. माझा प्रोग्राम नाणं फेकत होता आणि विचारत होता, छापा आहे का? नाही म्हटल्यावर जमिनीवर पडलेलं ते नाणं तसंच सोडून दुसरं फेकत होता आणि विचारत होता, काटा आहे का? दुसऱ्यावर छापा आला की ती फेक कुणाच्याच खात्यावर जमा होत नव्हती. अर्ध्या वेळा पहिला प्रश्न नापास, त्यातल्या अर्ध्या वेळा दुसराही नापास. अर्ध्याचं अर्धं, पाव. शंभरातली पंचवीसच्या आसपास. माझी सव्वीस नाणी तिथं होती.

संभाव्यतेचा गुणाकार मला एवढा हाताशी कधी लागला नव्हता. १/२ गुणिले १/२ म्हणजे १/४, आणि तो १/४ समोर बेरजेतून गायब झालेला.

दुसऱ्या दिवशी वेगळीच अडचण आली. सरावाच्या पुढच्या भागात 'सीड' द्यायला सांगितलं होतं, म्हणजे संख्यांच्या रांगेचं बीज. १० हे बीज दिलं आणि प्रोग्राम दोनदा चालवला. दोन्ही वेळा शंभरच्या शंभर फेकी हुबेहूब त्याच. मग यात यादृच्छिक ते काय राहिलं? वाचल्यावर कळलं की संगणक नाणं उडवतच नाही, तो गणित करतो. पायथॉन त्यासाठी मर्सेन ट्विस्टर नावाची रीत वापरतो, जपानच्या माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांची. पोटात ६२४ संख्या धरून ठेवायच्या, त्या ठरलेल्या नियमानं घुसळायच्या आणि एकेक आकडा बाहेर द्यायचा. ही रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला २ चा १९,९३७ वा घात वजा एक एवढ्या पायऱ्या लागतात. ती संख्या लिहायला ६,००२ अंक लागतात. बीज दिलं नाही तर पायथॉन ते ऑपरेटिंग सिस्टीमकडून स्वतः उचलतो, म्हणून दरवेळी रांग वेगळी दिसते. पासवर्डसाठी ही रीत वापरू नये अशी तंबी पायथॉनच्या माहितीतच लिहिलेली आहे. बाहेर पडलेले पुरेसे आकडे हाती आले तर पुढचे काढता येतात. माझ्या नाण्यांना मात्र ती पुरेशी होती. चूक शोधायची असली की बीज द्यावं हेही लक्षात आलं, कारण तीच रांग पुन्हा मिळते आणि चूक पळून जात नाही.

मग मी फेकी वाढवत गेले. आणि इथं माझ्या शिकवण्यातली एक चूक उघडी पडली. तिच्याबद्दल मला अजूनही वाईट वाटतं. मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले होते की जास्त वेळा नाणं फेकलं की छापे आणि काटे सारखे होत जातात. संगणकानं काय दाखवलं? शंभर फेकींत छापे ५४, म्हणजे निम्म्यापेक्षा चार जास्त. दहा हजारांत ५,०३८, म्हणजे ३८ जास्त. दहा लाखांत ४,९९,३९१, म्हणजे ६०९ कमी. फरक मिटत नव्हता, उलट वाढत होता. अर्ध्याकडे सरकत होतं ते गुणोत्तर: ०.५४, मग ०.५०३८, मग ०.४९९३९१. फेकी शंभरपट झाल्या की फरक साधारण दहापट होतो, वर्गमुळाच्या चालीनं. म्हणजे आधीचा जास्तीचा छापा पुढं काटा येऊन कुणी फेडत नाही. तो तसाच राहतो आणि फेकींच्या ढिगाऱ्यात त्याचं वजन उरत नाही. अण्णांचं 'पुढचा आपलाच' आणि माझं 'सारखे होत जातात' ही एकाच चुकीची दोन रूपं होती. फक्त माझं फळ्यावर होतं.

बरोबर पन्नास छापेही किती वेळा येतात ते पाहिलं. शंभर फेकींचा खेळ दहा हजार वेळा केला, त्यात बरोबर ५०-५० आलं ७९० वेळा. शंभरात आठसुद्धा नाही.

हे मोजताना जॉन केरिच यांच्याबद्दल वाचलं. दक्षिण आफ्रिकेतले गणिती. १९४० मध्ये जर्मनीनं डेन्मार्क घेतलं तेव्हा ते तिथं अडकले आणि नजरकैदेत पडले. त्या काळात त्यांनी खरंखुरं नाणं दहा हजार वेळा फेकलं आणि लिहून ठेवलं. छापे ५,०६७. माझे ५,०३८ यायला डोळ्याची पापणी लवण्याएवढा वेळ लागला होता. त्यांचा आकडा मी वहीत माझ्या आकड्याशेजारी लिहून ठेवला. तेवढा मान त्याला द्यावासा वाटला.

आता अण्णांचा प्रश्न. सलग. सरावातला शेवटचा भाग त्याचाच होता: शंभर फेकींत कुठंतरी सलग सहा सारखे येण्याची शक्यता किती? छापे असोत की काटे. माझा अंदाज होता फार तर शंभरात दहा. प्रोग्राम असा लिहिला: आत्ताची फेक आधीच्यासारखी असेल तर 'सलग' एकनं वाढव, नसेल तर 'सलग' शून्य कर, सहा झाले की नोंद कर. दहा हजार वेळा चालवलं. उत्तर आलं ५४ टक्के. मी चकित झाले, अण्णांना सांगायला निघालेसुद्धा. पण त्या सव्वीस नाण्यांनी मला एक शहाणपण दिलं होतं. ज्याचं उत्तर हातानं काढता येतं असं लहान उदाहरण आधी घालून बघायचं.

तीन नाणी घेतली. तीन नाण्यांचा नमुना अवकाश दहावीच्या कुठल्याही मुलाला पाठ असतो, आठ निष्पत्ती. सलग दोन सारखे असलेल्या त्यातल्या सहा. फक्त छापा-काटा-छापा आणि काटा-छापा-काटा या दोनमध्ये नाहीत. म्हणजे ३/४. माझा प्रोग्राम म्हणाला २५ टक्के. पाऊण यायला हवं तिथं पाव. कागद घेतला आणि एक रांग हातानं चालवली. छा, छा, का. पहिला छा आला, 'सलग' शून्य. दुसरा छा आला, आधीच्यासारखा, 'सलग' एक. पण डोळ्यांसमोर तर दोन छापे आहेत! मी नाणी मोजायला निघाले होते आणि मोजत होते त्यांच्यामधल्या जागा. हाताला बोटं पाच, मधल्या फटी चार. शून्याच्या जागी एक लिहिलं, तीन नाण्यांचं उत्तर ७५ टक्क्यांच्या आसपास आलं, आणि मगच शंभरावर परत गेले. ८१ टक्के. आधीचे ५४ टक्के खरं तर सलग सातचं उत्तर होतं.

शंभर फेकी केल्या तर पाचातल्या चार वेळा कुठंतरी सहा सारखे ओळीनं येतातच. एकवीस वर्षं नाण्यांची उदाहरणं सोडवणाऱ्या मला हे माहीत नव्हतं. हे वाचणारे जे गणित शिकवतात त्यांनी एकदा स्वतः करून पाहावं, माझ्या शब्दावर विसंबू नये.

अण्णांना घेऊन बसले. भारत एक हजारापेक्षा जास्त वनडे खेळलाय. हजारावा सामना फेब्रुवारी २०२२ मध्ये अहमदाबादला झाला. म्हणून हजार टॉस धरले, हारच मोजायची, आणि हजारांत कुठंतरी सलग पंधरा हारी सापडतात का ते दहा हजार वेळा तपासायचं. एक कोटी नाणी. जुन्या लॅपटॉपला थोडा वेळ लागला, पंखा घरघरला. १४७ वेळा सापडल्या. म्हणजे शंभरात दीड. अण्णांनी विचारलं, "बत्तीस हजारात एक म्हणाली होतीस ना?" मी म्हटलं, "ते आत्ता, याच घडीला सुरू करून ओळीनं पंधरा हरण्याचं. पण आपण सुरुवात आधी कुठं ठरवली होती? हरत गेल्यावर मागं वळून मोजायला लागलो." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि बाकीच्या देशांचीही नाणी उडतातच की." ते मी धरलंच नव्हतं. दहा संघ, प्रत्येकाच्या शेकडो टॉसांच्या रांगा. कुणाच्या ना कुणाच्या रांगेत असली ओळ सापडण्याची शक्यता आणखी वाढते, आणि ती ज्याच्या वाट्याला येते त्याच्याच घरी कल्ला होतो. अण्णा सातवी शिकलेत. हा मुद्दा माझ्याआधी त्यांच्या ध्यानात आला, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

पुढचा टॉस मात्र आपला नव्हता. ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियात तीन हरलो, मग रांची, मग रायपूर. वीस. शेवटी ६ डिसेंबर २०२५ ला विशाखापट्टणमला के. एल. राहुलनं टॉस जिंकला. वीससाठी प्रोग्राम पुन्हा चालवला. दहा हजारांत पाच वेळा. ती ओळ खरोखरच दुर्मीळ होती, हे अण्णांना सांगायला मला कसलीच अडचण वाटली नाही.

त्याच आठवड्यात वर्गात संभाव्यता सुरू होती. या वेळी मी प्रकरण नाण्यापासूनच सुरू केलं. अडतीस मुलं. घरी जाऊन आधी एकदा नाणं फेकायचं. छापा आला तर पुढं खरोखर शंभर फेकी करून लिहायच्या, काटा आला तर नाणं बाजूला ठेवून मनानंच शंभर लिहायच्या. कुठलं केलं ते कागदाच्या मागं लिहून घडी घालायची. मी घडी न उघडता ओळखणार. माझी कसोटी एकच: कुठंतरी सलग सहा सारखे दिसले तर खरं नाणं, नाहीतर मनचं. मनानं लिहिणारी मुलं तीन छापे झाले की अस्वस्थ होतात आणि चौथा काटा लिहून टाकतात.

अडतीसपैकी बत्तीस ओळखले. वर्गात टाळ्या पडल्या, मुलं विचारत होती, "मॅडम, कसं केलं?" चुकलेल्या सहांत शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचा कागद होता. त्यात कुठंही पाचापेक्षा लांब ओळ नव्हती, म्हणून मी 'मनचं' म्हटलं. तो उभा राहिला. "मॅडम, खरंच फेकलंय." घडी उघडली, मागं लिहिलं होतं, खरं. पाचात एकदा असं होणारच, हे मी त्याला सांगायला लागले. पण तो मान खाली घालून उभाच होता. मग मी कागद खिडकीपाशी धरला. तिसऱ्या ओळीत चार 'का', एक 'छा', पुन्हा चार 'का'. आणि त्या 'छा'खाली कागद खोडरबरानं खरवडलेला.

"इथं काय होतं?"

"का," तो म्हणाला. "नऊ आले होते. आई म्हणाली, असं कुठं असतं का, मॅडमना वाटेल तू फेकलंच नाहीस. म्हणून मधला एक बदलला."

मी त्याला माझी पेन्सिल दिली. त्यानं 'छा' खोडला, तिथं पुन्हा 'का' लिहिला आणि बोट ठेवून नऊपर्यंत मोजलं.